बर्गनच्या मोकळ्या जागा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये तुला एकच पूर्ण दिवस मिळणार आणि तू एकटीच फिरणार, हे आईकडून कळलं. तिला काळजी वाटते, मला मात्र आनंद झाला. हे शहर पायी बघायचं, आणि एकटीनंच.

आधी पावसाचं सांगते. वर्षातले दोनशेहून जास्त दिवस तिथे पाऊस असतो. आपल्या कोकणातल्यासारखा कोसळत नाही, झिमझिमत राहतो, आणि सोबत समुद्राचा वारा. छत्री उलटी होते, तेव्हा टोपीचा रेनकोट घे. पाऊस थांबायची वाट बघत बसू नकोस.

सकाळी वोगन बंदराच्या तोंडाशी असलेल्या होकोनच्या दगडी सभागृहापासून सुरुवात कर. तेराव्या शतकातल्या राजाने ते बांधलं. 20 एप्रिल 1944 रोजी बंदरात स्फोटकांनी भरलेलं एक डच जहाज उडालं आणि सभागृहाचं छप्पर जळून गेलं, उरल्या फक्त भिंती. इथूनच आगीची गोष्ट सुरू होते. दिवसभर तिचाच माग काढत चाल.

पुढे ब्रिगन लागेल. लाल, पिवळ्या, पांढऱ्या लाकडी घरांची ती रांग तू फोटोत पाहिलीच असशील. सगळे रस्त्यावरून फोटो काढून निघून जातात. तू मात्र दोन घरांमधल्या लाकडी बोळात शिर. आत गेलीस की डांबराचा आणि जुन्या लाकडाचा वास येईल, पायाखालच्या फळ्या वाजतील. सुमारे 1360 पासून 1754 पर्यंत इथे हान्साच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाच्या, जर्मन व्यापाऱ्यांची पेढी होती. उत्तरेकडून सुकवलेला कॉड मासा यायचा आणि त्याच्या बदल्यात धान्य जायचं. आपला बोंबील उन्हात वाळतो, हा मासा मिठाशिवाय, नुसत्या थंड वाऱ्यात. व्यापाऱ्यांना लग्न करायची मुभा नव्हती, हाताखाली शिकाऊ पोरं असायची. आणि एवढ्या थंडीत या घरांमध्ये विस्तव पेटवायला बंदी! ऊब आणि गरम जेवण मिळायचं ते मागच्या बाजूला वेगळ्या बांधलेल्या सभाघरांत. ती सभाघरं आवर्जून बघ. त्या पोरांचे गारठलेले हात तिथे मला जवळून दिसल्यासारखे वाटले.

एवढं जपूनही 1702 मध्ये सगळं जळालं. लोकांनी त्याच जागी, त्याच आखणीवर पुन्हा बांधलं. 1955 मध्ये पुन्हा आग लागली आणि त्या राखेखालच्या जमिनीत उत्खनन झालं, तेव्हा रून ही उत्तर युरोपातली जुनी लिपी कोरलेल्या शेकडो काठ्या सापडल्या. काहींवर मालाच्या मालकांची नावं होती. एकीवर एवढंच होतं: ग्युडा सांगते, तू घरी ये. पलीकडच्या संग्रहालयात अशा काठ्या बघायला मिळतात. तिथे घाई करू नकोस.

काही घरं कललेली दिसतील. जमिनीखालच्या पाण्याची पातळी उतरली की लाकडी पायाला हवा लागते आणि तो कुजतो. म्हणून आता तिथली माणसं पावसाचं पाणी मुद्दाम जमिनीत मुरवतात. तो पाऊस घरांना धरून ठेवतो, हे कळल्यावर मला तो आवडायला लागला.

मासळीबाजार ओझरता बघितलास तरी चालेल, तिथे सगळंच महाग आहे. दालचिनीचा एखादा पाव घे आणि नुर्डनेस या जुन्या वस्तीकडे वळ. अरुंद गल्ल्या, पांढरी लाकडी घरं, खिडक्यांत कुंड्या. आणि मध्येच अचानक एक रुंद, मोकळा रस्ता टेकडीवरून थेट पाण्यापर्यंत उतरलेला दिसेल. त्याला ते आल्मेनिंग म्हणतात. आग एका वस्तीतून दुसरीत उडी मारू नये म्हणून ही जागा मोकळी ठेवलेली. लाकडाच्या त्या शहराने आपली भीती या रस्त्यांमध्ये जपून ठेवली आहे. तिथल्या एखाद्या पायरीवर अर्धा तास बस. माझ्या सगळ्या फिरण्यात मला सर्वांत जास्त शिकवलं ते त्या रिकाम्या जागेने.

फ्लोयेनची टेकडी मात्र शेवटी ठेव. बहुतेक जण सकाळीच रेल्वेने वर जातात आणि शहर खेळण्यासारखं बघून येतात. तू दिवसभर चालून झाल्यावर पायवाटेने चढ. तासाभराची चढण आहे, उंची सुमारे 320 मीटर. मग वरून ओळखीच्या जागा शोध: तो बोळ, ती पायरी, आल्मेनिंगची मोकळी पट्टी. उतरताना 1918 पासून धावणाऱ्या त्या रेल्वेने ये, ओल्या वाटेवर अंधारात एकटीने उतरू नकोस. जूनमध्ये रात्री अकरापर्यंत उजेड असतो, त्यामुळे वेळेचं भान सुटतं.

वर पोचलीस की आईला फोन कर. तिथे नऊ वाजतील तेव्हा आपल्याकडे साडेबारा झालेले असतील, पण ती जागीच असणार.

तुझी,
मावशी