शेतकऱ्याच्या मुलीनं शेतीचाच अभ्यास करून पोट भरेल का?

पेडणे तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीला बारावी कला शाखेत ८१ टक्के मिळालेत. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र घेऊन "आपल्या देशातली शेती, गावं आणि तिथली माणसं" यांचा अभ्यास करायचा, असं तिनं ठरवलंय. घरी थोडी भातशेती, डोंगराला काजू. वडील एका शाळेत शिपाई. पाहुणे म्हणतात, बी.एड. करू दे, नाहीतर मोपाच्या विमानतळावर काम मिळेल असा एखादा कोर्स करू दे. वडील लिहितात: "गोव्यात शेती उरलीय किती? वायंगणाचं (रब्बी भाताचं) शेत गडी मिळत नाहीत म्हणून आम्हीच पडीक टाकलंय. शेतकऱ्याच्या पोरीनं शेतीवर पुस्तकं वाचून पोट कसं भरायचं? तिला पुण्याला पाठवू का? त्यासाठी जमिनीचा एक तुकडा विकू का?"

सप्रेम नमस्कार.

पोट भरेल. पण विषयाच्या नावावर भरणार नाही, त्यासाठी तिला एक कसब कमवावं लागेल. ते कोणतं, हे तुमच्याच पडीक शेतावरून सांगतो.

तुम्ही कारण दिलंत, गडी मिळत नाहीत. शेजाऱ्याला विचारलंत तर तो गवे आणि रानडुकरांचं नाव घेईल. त्याच्या पलीकडच्या शेताच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (हा गोव्याचा सातबारा) पंधरा-वीस नावं असतील. त्यातली निम्मी माणसं मुंबईत नाहीतर परदेशात, मग सही करणार कोण आणि कसणार कोण? आणखी एखाद्याचं कुळाचं प्रकरण मामलेदार कचेरीत पडून असेल. विमानतळ झाल्यापासून भाव चढायची वाट पाहणाराही कुणी असेल, फक्त तो तसं बोलून दाखवणार नाही. तिळारीचं पाणी कालव्यातून तालुक्यात येतं, तरी शेतं पडीक राहतात. म्हणजे दुखणं एक दिसतं आणि कारणं पाच निघतात, प्रत्येकाचा इलाज वेगळा. सगळ्यांना एकच अनुदान देऊन ज्याचा घोळ कागदांत आहे त्याला काडीचा उपयोग होत नाही. कुणाच्या शेताला कोणतं कारण लागू आहे हे माणसांशी बोलून, कागद बघून, मोजून सांगणं हेच ते कसब. तुमच्या मुलीला हेच करावंसं वाटतंय, आणि हे काम करून घेण्यासाठी सरकार, बँका आणि संस्था पगार देतात.

"गोव्यात शेती उरलीय किती" हा प्रश्न तुम्ही तिला गप्प करायला विचारला असणार. पण तिच्या अभ्यासाला याहून चांगला पहिला प्रश्न सापडायचा नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२ टक्के वस्ती शहरी निघाली. देशाचं चित्र उलटं आहे. २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातले सुमारे ४६ टक्के कामकरी लोक शेतीत आहेत, आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा साधारण १८ टक्के. निम्म्याजवळ माणसं आणि पाचव्या हिश्श्याहूनही कमी पैसा. या एका तफावतीतून काय काय निघतं पाहा: कर्ज, स्थलांतर, आरक्षणाची आंदोलनं, लग्नं न जमणारे तरुण शेतकरी. याच तफावतीमुळे परराज्यातली माणसं गोव्यात कामाला येतात. आपल्याकडे बांधकामावर आणि हॉटेलांत झारखंड, बिहार, ओडिशा, उत्तर कर्नाटकातली जी माणसं दिसतात, त्यांतल्या कित्येकांच्या गावी त्यांचीही तुकडाभर जमीन असतेच. ते तिकडची सोडून इकडे येतात आणि आपण इकडची पडीक टाकून बेळगावची भाजी खातो. हा गुंता समजून घ्यायला तिला दूर जायची गरज नाही, पेडण्याच्या बाजारात उभं राहिलं तरी पुरे.

आता आकड्यांकडे येतो, कारण मुलांना या विषयाची ओढ असते ती गोष्टींसाठी आणि तिथेच ती अडकतात. २०१८-१९ च्या सरकारी सर्वेक्षणानुसार देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरी-पगारातून जास्त पैसा येतो. तुमच्या घरचा हिशेब मांडून बघा, शाळेचा पगार एका बाजूला आणि भात-काजू दुसऱ्या बाजूला. तुम्हीही त्या सरासरीतच बसाल. हा आकडा कुणा मंत्र्याच्या भाषणातून आलेला नाही. कुणीतरी हजारो घरांच्या ओसरीवर बसून, न कंटाळता, तेच ते प्रश्न विचारलेत.

हे काम जुनं आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर अभ्यास करून १९१७ साली तो प्रसिद्ध केला. १७७१ साली तिथली सरासरी जमीन ४० एकर होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली होती, आणि बहुतेक घरांचं नुसत्या शेतीवर भागत नव्हतं. (आज त्या गावात टॉवर उभे आहेत, शेतं शोधावी लागतात.) पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी छोट्या शेतांवरच्या निबंधात प्रश्न वेगळ्या बाजूनं धरला. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे आणि भांडवल-अवजारं कमी, म्हणून जादाच्या माणसांना उद्योगात काम मिळालं पाहिजे. शंभर वर्षांनंतर आपण अजून त्याच मुद्द्यापाशी घुटमळतोय. तुमच्या मुलीला हा वाद रंगून वाचता आला तर विषय बरोबर निवडलाय असं समजा. कंटाळा आला, तर तिला शेतीचा अभ्यास नको असून गावाच्या आठवणी हव्या आहेत, आणि त्या कोणतीही नोकरी करून जपता येतात.

गोव्यात जन्मल्याचा तिला एक फायदा आहे. जमिनीचे इतके प्रकार इतक्या लहान जागेत क्वचित सापडतात. कोमुनिदादीची म्हणजे गावकीची सामाईक जमीन, खाजनं म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं आणि त्यांची मानस म्हणजे पाण्याची दारं, कुळागरं म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, सत्तरीत पिढ्यान्‌पिढ्या कसूनही नावावर न झालेल्या जमिनी. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा) कायदा, १९७६ ची कुळाला मालक मानणारी पाचवी दुरुस्ती, यांनी भाटकाराच्या म्हणजे जमीनदाराच्या दारातली माणसं स्वतःच्या पायावर उभी राहिली. तरी कागद पुरे न झालेली कुळं अजून आहेत. गावडा, कुणबी आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला तो थेट २००३ मध्ये. खाणपट्ट्यात २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा खनिज वाहायला ट्रक घेतलेली घरं अडचणीत आली, त्यातली बरीच आधी शेती करत होती. धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना २०१९-२० पासून बंद, मग उसाचं पुढे काय? यातला प्रत्येक प्रश्न एखाद्या प्रबंधाचा आहे. बाहेरून येणारे संशोधक यासाठी आधी भाषा शिकतात, मग ओळखी काढतात. तुमच्या मुलीला दोन्ही गोष्टी आयत्या मिळाल्यात.

शिक्षणाचं सांगतो. पुण्याला आत्ताच पाठवू नका. पदवी इथे होऊ दे. विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालयात जाऊन अर्थशास्त्र मुख्य विषय म्हणून मिळतो का ते विचारा. नाहीतर म्हापसा किंवा पणजी. मुख्य विषय अर्थशास्त्र असावा, समाजशास्त्र जोडीला. उलटं नको, असं माझं स्पष्ट मत आहे. समाजशास्त्र कमी दर्जाचं म्हणून नव्हे. अर्थशास्त्रात गणित आणि संख्याशास्त्र टाळता येत नाही, आणि नोकरीच्या दारात नेमकी त्यांचीच विचारणा होते. कला शाखेच्या मुलींना गणिताची भीती असते, तिलाही असेल. दहावीचं गणित पुन्हा काढायला लावा, लाजायचं काम नाही. संगणकावर तक्ते मांडणं पहिल्याच वर्षी शिकू दे. इंग्रजी वाचनाची सवय हवीच, कारण अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात. माहिती मात्र कोंकणी, मराठी आणि हिंदीतच मिळते. त्यात कानडी आलं तर सोन्याला सुगंध.

शेतकी पदवीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पाहुणे सुचवतील. केप्याजवळच्या सुळकर्ण्याला कृषी महाविद्यालय आहे खरं, पण त्या पदवीला बारावी विज्ञान लागतं. तो रस्ता तिच्यासाठी बंद आहे, हळहळू नका.

पुण्याचा विचार पदवीनंतर. १९३० साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था किंवा मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, दोन्हींकडे प्रवेशासाठी चुरस असते आणि खर्चही होतो. आपल्या गोवा विद्यापीठाचं एम.ए. अर्थशास्त्र घराजवळ आहे. ते दुय्यम समजू नका.

नोकरीबद्दल गोड बोलून उपयोग नाही. स्वयंसेवी संस्था आणि संशोधन प्रकल्पांतली बहुतेक कामं कंत्राटी असतात. प्रकल्प संपला की पगार संपला. पहिली काही वर्षं गावोगाव फिरणं, मुक्काम, तुटपुंजे पैसे. ज्या घराला लगेच आधार हवा, त्या घरानं हे आधी मोजावं. सरकारात जागा आहेत. गोव्याचं नियोजन, सांख्यिकी आणि मूल्यमापन संचालनालय आहे, केंद्राचं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय आहे, नाबार्ड आहे. अर्थशास्त्रात एम.ए. केल्यावर भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा देता येते, पण जागा थोड्या. प्रत्येक जाहिरातीतली पात्रता स्वतः वाचायची, कुणाच्या तोंडून ऐकायची नाही. गोवा सरकारच्या परीक्षांना कोंकणीचं ज्ञान विचारतात, ते लिहिण्या-वाचण्यापर्यंत पक्कं असू दे. आणि कुणी "इतके द्या, चिकटवतो" म्हणत दारात आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०२४ च्या अखेरीस अशी किती प्रकरणं पोलिसांत गेली, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल.

बी.एड. पदवीनंतरही करता येतं, म्हणून त्याची घाई नको. विमानतळाच्या कोर्सबद्दल एवढंच, की फी भरण्याआधी त्या संस्थेतून गेल्या वर्षी किती मुलं खरोखर मोप्याला लागली ते नावांनिशी विचारा. नावं सांगायला कुणी तयार झालं नाही तर उत्तर मिळालंच.

कॉलेज सुरू होईपर्यंत तिला एक काम द्या. तुमच्या वाड्यावरच्या सगळ्या शेतांची एक वही करायची. कोणाचं शेत, एक-चौदावर कोणाची नावं, कसतो कोण, सरद (खरीप) करतात की वायंगण की दोन्ही नाही, पडीक असेल तर केव्हापासून आणि का. घरातल्या बाईला वेगळं विचारायचं आणि पुरुषाला वेगळं. उत्तरं जुळत नाहीत तिथे खूण करायची. कुणी हाकलून दिलं तर तेही लिहायचं. सुट्टी संपेपर्यंत वही भरली आणि तिचा उत्साह टिकला, तर तिच्या निवडीविषयी तुम्हाला माझ्या सल्ल्यापेक्षा जास्त कळलेलं असेल. चार घरांनंतर वही कपाटात गेली, तर बी.एड.चा विषय पुन्हा काढा, तिच्याशी नीट बोलून.

शेवटी तुकडा विकण्याचं. नको. भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकायला गोव्यात २०२३ च्या कायद्यानं मोठी आडकाठी आणली आहे, त्यामुळे तुमच्या मनातला भाव येणारही नाही. इथल्या नागरी कायद्यानं तुमच्या पत्नीच्या सहीशिवाय असा व्यवहार होत नाही, आणि मुलीचा वारसाहक्क मुलाइतकाच. तिच्याच शिक्षणासाठी तिच्याच वाट्याची जमीन घालवायची, हा हिशेब मला पटत नाही. इथल्या सरकारी कॉलेजची फी तुमच्या पगारात बसेल. पुढे बाहेर जायची वेळ आली तर गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज आहे. तिच्या अभ्यासक्रमाला ते लागू होतं का, हे अर्ज करण्याआधी महामंडळाच्या कचेरीत विचारून घ्या, आणि जाताना तिलाच सोबत न्या.