हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या पेशी खरंच ‘ठरवून’ मरतात का?

तुम्ही विचारलंय की रक्तपुरवठा बंद झाला की पेशी मरणारच, मग त्यात ‘ठरवून मरणं’ आलं कुठून. मलाही आधी असंच वाटायचं. पण आपल्या पेशींत स्वतःला संपवायची सोय मुळातच असते, तिला अपॉप्टोसिस म्हणतात, हे नाव १९७२ मध्ये पडलं. गर्भात बाळाची बोटं सुटी होतात ती मधल्या पेशी अशाच मरतात म्हणून, म्हणजे ही गोष्ट मुळात वाईट नाहीच. हृदयात मात्र पंचाईत होते, कारण तिथल्या स्नायूपेशी फारशा नव्या होतच नाहीत, पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का आणि म्हातारपणी तर त्याच्या निम्म्याच.

अटॅकमध्ये पेशी मरण्याच्या दोन तऱ्हा दिसतात. बऱ्याच पेशी फुगून फुटतात, आतलं सगळं बाहेर सांडतं, रक्तात ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रोटीन सापडतं ते त्यातलंच. (फुटण्यामागेही कधीकधी पेशीचाच ठरलेला कार्यक्रम असतो, हे नंतर कळलं.) काही पेशी मात्र निमूट आवळत जातात, मायटोकॉन्ड्रियातून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातून, सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन बाहेर येतं, त्याने कॅस्पेस नावाची एन्झाइम्स जागी होतात आणि ती आतून एकेक प्रोटीन कापत सुटतात.

पण मला विचाराल तर खरा घात हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय हळूहळू कमजोर होऊन पुरेसं रक्त ढकलेनासं होतं तेव्हा होतो, कारण तिथे हे ‘ठरवून मरणं’ काहीच गाजावाजा न करता चालू असतं. मी अशा हृदयांच्या स्लाइड्स मायक्रोस्कोपखाली मोजल्यात, डीएनएचे तुकडे झालेलं केंद्रक त्यात रंगून वेगळं दिसतं, आणि आजारी हृदयातसुद्धा हजारभर केंद्रकं बघावी तेव्हा एखाददुसरं रंगलेलं सापडतं. एवढ्याशाने काय होणार असं वाटतं ना? निरोगी हृदयात हेच प्रमाण लाखात एक-दोन असतं. २००३ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात लाखात फक्त २३ पेशी अशा मरत होत्या आणि तेवढ्यानेही काही महिन्यांत त्यांची हृदयं पसरून उंदीर मेले, कारण ती गळती रोज चालू होती आणि भरून काही येत नव्हतं.

मग औषधाने हे थांबवता येईल का? बंद झालेली धमनी उघडल्यावर रक्त परत येतं तेव्हाही मायटोकॉन्ड्रियाला दणका बसतो आणि आणखी पेशी जातात, म्हणून तिथेच अडवायला सायक्लोस्पोरिन नावाचं औषध देऊन पाहिलं, २०१५ मध्ये जवळपास हजार पेशंटच्या चाचणीचा निकाल आला आणि फायदा दिसला नाही. त्यामुळे आजही पेशी वाचवायचा हमखास उपाय म्हणजे धमनी लवकरात लवकर उघडणं, रक्त पूर्ण तुटलं तर अर्ध्या तासाच्या आसपासच कायमचं नुकसान सुरू होतं, तेव्हा छातीत दुखत असेल तर ॲसिडिटी असेल म्हणून घरी थांबू नका प्लीज, लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा.