करमणूक शिकवणारी पदवी असते का?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात गेली दोन वर्षे ती लहान मुलांचे आणि ज्येष्ठांचे खेळ घेते. ऐकू कमी येणाऱ्या एका आजोबांना तिने यंदा आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवून घेतले आणि प्रत्येक सूचना हातवाऱ्यांसह दिली, तेव्हा एरवी मागे बसून राहणारे ते गृहस्थ शेवटपर्यंत खेळले. परदेशात ‘रिक्रिएशन’ या विषयाची पदवी मिळते असे तिने वाचले आहे व तिला तेच शिकायचे आहे. घरातील वडीलधारी मंडळी मात्र विचारतात, की खेळ घेण्यासाठी विद्यापीठात कशाला जायचे? आम्ही काय करावे?
– एक पालक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण मुलीच्या वाटेतील पहिली अडचण तीच आहे. संगीतखुर्चीचा खेळ डोळ्यांसमोर आणावा. जे मूल सर्वांत हळू धावते ते पहिल्याच फेरीत बाद होते आणि उरलेला सगळा वेळ भिंतीला टेकून बसते. म्हणजे ज्याला खेळण्याची गरज सर्वाधिक, त्याच्याच वाट्याला खेळ सर्वांत कमी येतो. खुर्च्या कमी करत जावे, पण कोणालाही बाद न करता उरलेल्या खुर्च्यांवर सर्वांनी एकमेकांना सामावून घ्यावे, एवढा बदल केला की तोच खेळ सर्वांचा होतो. कोणत्या वयाच्या आणि क्षमतेच्या माणसांसाठी, किती जागेत, किती वेळात, कोणत्या हेतूने काय योजावे, याचा विचार म्हणजेच हा विषय. त्यासाठी मानसशास्त्र, मानवी विकास, प्रथमोपचार, अंदाजपत्रक आणि सहभागींच्या सुरक्षिततेची जबाबदारी यांचा अभ्यास लागतो. आजोबांची खुर्ची हलवताना तुमच्या मुलीने नकळत हेच केले, आणि मला तुमच्या पत्रातील तेवढी एक गोष्ट गुणपत्रिकेहून मोलाची वाटते.

अमेरिकेत उद्याने व रंजन या विषयाची स्वतंत्र पदवी अनेक विद्यापीठांत मिळते, कारण तेथील नगरपालिकांचे उद्यान व रंजन विभाग असतात आणि त्यांना प्रशिक्षित माणसे लागतात. रुग्णालयांत व पुनर्वसन केंद्रांत काम करणारी उपचारात्मक रंजन ही तिची एक शाखा असून, तिच्या राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी पदवीच्या मार्गाने जाणाऱ्यांना किमान १४ आठवड्यांत ५६० तासांचे प्रत्यक्ष काम करून परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे मात्र हा विषय शारीरिक शिक्षण, पर्यटन, समाजकार्य आणि मानवी विकास अशा अभ्यासक्रमांत विखुरलेला आहे. त्यामुळे बारावीनंतर लगेच कर्ज काढून परदेशी पाठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पदवी येथे घ्यावी, आणि आवड टिकली तर पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर जावे.

ग्वाल्हेरकरांना त्यासाठी गावही सोडावे लागत नाही. १८५७ च्या स्वातंत्र्यसमराच्या शताब्दी वर्षात, १९५७ साली, स्थापन झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आता अभिमत विद्यापीठ आहे. शाळा, शिबिरे आणि क्रीडासंकुले यांत काम करायचे असेल, तर ती वाट उत्तम. सहली, साहसी उपक्रम आणि विश्रामस्थळांवरील कार्यक्रम यांकडे ओढा असेल, तर गोविंदपुरीतील भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेचा विचार करावा. जीवरक्षकाचे प्रशिक्षण देणारी गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था हे तिचेच एक केंद्र आहे. पण तुमच्या पत्रावरून मुलीचा जीव ज्येष्ठांत आणि मुलांत रमतो असे दिसते, म्हणून समाजकार्य किंवा मानवी विकास हे विषयही तिने नीट पाहावेत; वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ते दोन्ही शिकवले जातात.

नोकरीबद्दल आडपडदा न ठेवता सांगते. ‘रंजन अधिकारी’ अशा नावाची जाहिरात तिला क्वचितच दिसेल. शाळांचे उपक्रम-समन्वयक, शिबिर-संचालक, वृद्धाश्रमातील कार्यक्रम-संयोजक अशा वेगवेगळ्या नावांनी हे काम मिळते, आणि तेथे पदवीच्या जोडीला केलेल्या कामाची नोंद विचारली जाते. म्हणून तिने आजपासून एक वही ठेवावी : किती जण आले, कोण मागे राहिले, कोणता खेळ फसला आणि का. फसलेल्या खेळांची पाने विशेष काळजीने लिहावीत. प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र येत्या सुट्टीतच घ्यावे.

शारीरिक शिक्षणाची वाट धरायची ठरल्यास लेखी परीक्षेबरोबर शारीरिक क्षमतेची आणि खेळातील प्रावीण्याचीही चाचणी असते, हे ध्यानात ठेवावे. पुस्तकी तयारी शेवटच्या दोन महिन्यांत रेटता येते, पण दमसास तेवढ्यात वाढत नाही. तेव्हा सकाळचे धावणे बोर्डाच्या परीक्षेच्या काळातही बंद करू नये.