नेब्रास्काचा संघ हरला की सोमवारपर्यंत गाव गप्प का असते?

आपला मुलगा अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, नेब्रास्का विद्यापीठात शिकण्यासाठी लिंकनला आला आहे. शनिवारी फुटबॉलचा सामना हरला की सोमवारी प्रयोगशाळेत कोणी धड बोलत नाही आणि जो तो प्रशिक्षकाला दोष देतो, असे तो आपल्याला फोनवर सांगतो. एका कॉलेजच्या संघासाठी लोक इतके का खचतात आणि प्रशिक्षक बदलून त्यांना नेमके काय मिळते, असे आपण विचारले आहे. मी २००१ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरहून याच विद्यापीठात एम.एस. करायला आलो आणि पुढे नोकरीनिमित्त याच गावात राहिलो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा संघ फुटबॉलचा सामना हरल्यावर आमच्या पेठेत जेवणे उशिरा होत असत, त्यामुळे इथले दुःख समजायला मला फार वेळ लागला नाही.

इथला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ, हे मुलाने आपल्याला सांगितलेच असेल. मात्र 'कॉलेजचा संघ' या शब्दांनी आपली फसगत होते. नेब्रास्काची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास आहे आणि राज्यात फुटबॉलचा एकही मोठा व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे ओमाहातील डॉक्टरपासून पश्चिमेकडे सात-आठ तासांच्या अंतरावर गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांचा संघ एकच. मेमोरियल स्टेडियम १९२३ साली उभे राहिले. तिथे पंच्याऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात, म्हणजे सामन्याच्या दिवशी ओमाहा आणि लिंकन वगळता राज्यातील कोणत्याही गावात नसतील इतकी माणसे त्या एका मैदानात असतात. ३ नोव्हेंबर १९६२ पासून तिथल्या प्रत्येक सामन्याची सगळी तिकिटे विकली गेली आहेत, आणि हा सिलसिला अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वांत मोठा आहे. इथे हंगामाची तिकिटे वडिलांकडून मुलांकडे येतात. माझ्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांकडे त्यांच्या वडिलांनी घेतलेल्या दोन जागा आहेत आणि त्यांच्या पत्नी गेल्यानंतरही त्यांनी दुसरी जागा सोडलेली नाही. पहिल्या वर्षी त्या जागेवर त्यांनी मला बसवले, आणि माझा पहिला सामना होता २७ ऑक्टोबर २००१ चा, आदल्या वर्षीच्या राष्ट्रविजेत्या ओक्लाहोमाविरुद्धचा. नेब्रास्काने तो २०-१० असा जिंकला. असेच नेहमी चालत असणार, असे मला त्या दिवशी वाटले.

तसे वाटणारा मी एकटा नव्हतो. बॉब डेव्हेनी १९६२ मध्ये प्रशिक्षक झाले आणि त्यांनी १९७० व १९७१ ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली; त्यांच्यानंतर टॉम ऑस्बोर्न यांनी १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे संघ सांभाळून १९९४, १९९५ आणि १९९७ ची विजेतेपदे आणली. ऑस्बोर्न यांच्या काळात संघाने २५५ सामने जिंकले आणि केवळ ४९ हरले. १९६९ ते २००१ या सलग तेहतीस हंगामांत संघाने एकदाही नऊपेक्षा कमी विजय मिळवले नाहीत. जे लोक आज पन्नाशीत आहेत, त्यांनी बालपणात आणि तारुण्यात हरणारा नेब्रास्का पाहिलेलाच नव्हता. आज ज्याला आपण चिडचिड म्हणतो, तिच्या मुळाशी हे आहे. संघ वाईट खेळतो याचा राग असतोच, पण आपण कोण आहोत याची जी खूण साऱ्या राज्याला ठाऊक होती, ती हातातून निसटत गेल्याचे दुःख त्याहून मोठे आहे.

ती निसटायला सुरुवात कुठून झाली, यावर इथे अजून वाद होतात. माझे मत असे की २९ नोव्हेंबर २००३ हा तो दिवस. ऑस्बोर्न यांच्यानंतर आलेल्या फ्रँक सोलिच यांनी २००१ मध्ये संघाला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत नेले होते. २००२ मध्ये मात्र सात विजय आणि सात पराभव झाले. २००३ मध्ये त्यांनी घडी पुन्हा बसवत नऊ सामने जिंकले, कोलोरॅडोला हरवले, आणि त्या विजयाच्या दुसऱ्याच दिवशी क्रीडा संचालकांनी त्यांना काढून टाकले. संघाला सामान्य दर्जाकडे घसरू देणार नाही, असे कारण तेव्हा देण्यात आले. मीही त्या वेळी मान डोलावणाऱ्यांपैकी होतो, आणि हे मला आजही बोचते. पुढच्याच वर्षी नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली संघाला विजयांपेक्षा पराभव अधिक असलेला १९६१ नंतरचा पहिला हंगाम पाहावा लागला. बिल कॅलाहन चार वर्षांत गेले. बो पेलिनी यांनी सात वर्षे दर हंगामी नऊ किंवा दहा विजय मिळवले, तरी तेही गेले, कारण मोठ्या संघांविरुद्ध होणारे मोठे पराभव आणि त्यांचा संतापी स्वभाव लोकांना सोसवेना. माइक रायली यांचे १९ विजय आणि १९ पराभव झाले आणि तीन वर्षांत त्यांनाही निरोप मिळाला. प्रत्येक नवा माणूस वेगळी खेळपद्धती घेऊन आला; आधीच्याने निवडलेली मुले नव्या पद्धतीत बसेनात, ती बसवेपर्यंत त्याची मुदत संपे.

आणि मग डिसेंबर २०१७ मध्ये स्कॉट फ्रॉस्ट आले. आपल्या मुलाच्या सहकाऱ्यांचा राग समजून घ्यायचा असेल तर या माणसाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे. वुड रिव्हर नावाच्या नेब्रास्कातल्याच लहान गावातला हा मुलगा. वडील याच विद्यापीठाकडून खेळलेले. १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर चाली रचणारा खेळाडू, हाच. प्रशिक्षक म्हणून त्यांनी सेंट्रल फ्लोरिडाचा संघ हाती घेतला तेव्हा तो आधीच्या हंगामात बाराच्या बारा सामने हरलेला होता, आणि दोनच वर्षांत त्यांनी तेराच्या तेरा सामने जिंकून दाखवले. असा माणूस घरी परत येतो आहे म्हटल्यावर लोकांनी त्याला प्रशिक्षक म्हणून नव्हे, घरचा मुलगा म्हणून स्वीकारले. करार सात वर्षांचा आणि साडेतीन कोटी डॉलरचा होता, पण त्या आकड्याबद्दल तेव्हा एकही कुरकूर माझ्या कानी आली नाही.

पहिल्या हंगामाचे पहिले सहाही सामने संघ हरला, तरी लोक थांबले. वर्षाअखेर ४-८, म्हणजे चार विजय आणि आठ पराभव, मग ५-७, मग महासाथीच्या वर्षी ३-५. खरी जखम २०२१ ची आहे. त्या वर्षी संघाने तीन सामने जिंकले आणि नऊ हरले, पण नऊपैकी एकाही पराभवात फरक नऊ गुणांहून अधिक नव्हता. ओक्लाहोमाशी सात गुणांनी, मिशिगनशी तीन, मिशिगन स्टेटशी जादा वेळेत तीन, ओहायो स्टेटशी नऊ. वर्षभराच्या गुणांची बेरीज केली तर नेब्रास्का प्रतिस्पर्ध्यांपेक्षा ६३ गुणांनी पुढे होता! संघ दुबळा असता तर लोकांनी मनाची तयारी केली असती. हा संघ प्रत्येक बलाढ्य प्रतिस्पर्ध्याच्या बरोबरीने तीन तास झुंजायचा आणि शेवटच्या काही मिनिटांत चेंडू हातातून सुटणे, पंट, म्हणजे पायाने लांब मारलेला चेंडू, चुकीच्या बाजूला जाणे, नको त्या क्षणी दंड ओढवणे, अशा आपल्याच चुकीने सामना सोडून द्यायचा. आठवड्यामागून आठवडे तीच चूक नव्या कपड्यांत समोर यायची. शेजारचे गृहस्थ चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्रात आघाडी असली तरी हात घट्ट जोडून बसत. जिंकत असतानाही भीती वाटावी, ही गोष्ट त्यांच्या वडिलांना सांगून पटली नसती.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये डब्लिनला नॉर्थवेस्टर्नविरुद्ध ११ गुणांची आघाडी असताना फ्रॉस्ट यांनी ऑनसाइड किकचा जुगार खेळला. चेंडू मुद्दाम जवळच मारून तो पुन्हा आपल्याच ताब्यात घेण्याची ही चाल सहसा मागे पडलेला संघ नाइलाजाने खेळतो. ती फसली आणि सामना ३१-२८ असा गेला. दोन आठवड्यांनी आपल्याच मैदानावर जॉर्जिया सदर्नने ४५-४२ असे हरवले. त्याआधी घरच्या मैदानावर ३५ किंवा अधिक गुण केल्यावर नेब्रास्का एकदाही हरलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, फ्रॉस्ट यांना काढण्यात आले. १६ विजय, ३१ पराभव. आणखी तीन आठवडे थांबले असते तर फ्रॉस्ट यांना द्यायची भरपाईची रक्कम दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती, पण तेवढेही थांबण्याची कोणाची तयारी राहिली नव्हती. त्या रविवारी गावात कोणी आनंद केला नाही, ही गोष्ट मला मुद्दाम नोंदवायची आहे. किराणा दुकानात माणसे एकमेकांशी हलक्या आवाजात बोलत होती, जणू कुणाच्या घरी वाईट घडले आहे.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. प्रशिक्षक बदलून काय मिळते, याचे उत्तर देण्याआधी प्रशिक्षकाच्या हातात काय नसते, हे पाहायला हवे. डेव्हेनी आणि ऑस्बोर्न यांच्या काळात दूरचित्रवाणीवर मोजकेच संघ दिसत आणि नेब्रास्का त्यांत असे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या निकालानंतर प्रक्षेपणाचे दरवाजे सगळ्यांना उघडले आणि टेक्सास किंवा फ्लोरिडातल्या मुलाला पडद्यावर दिसण्यासाठी इतक्या थंड प्रदेशात येण्याची गरज उरली नाही. एका संघाला खेळाडूंना देता येणाऱ्या शिष्यवृत्त्यांची मर्यादा टप्प्याटप्प्याने ८५ वर आली, त्यामुळे मोठा ताफा बाळगण्याचा जुना फायदा गेला. २०११ मध्ये विद्यापीठ बिग टेन या गटात गेले, पैसा वाढला, पण टेक्सासमध्ये दरवर्षी होणारे सामने संपले आणि तिथून येणारी मुलेही कमी झाली. २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींसाठी आपले नाव वापरू देण्याचे पैसे घेता येतात आणि संघही सहज बदलता येतो. यांतले काहीही एका माणसाला काढून बदलत नाही.

तरीही फ्रॉस्ट यांना काढणे मला योग्य वाटले आणि सोलिच यांना काढणे अन्यायाचे वाटते. हा फरक मी निकालांवरून करत नाही. सोलिच यांचा संघ एका वाईट वर्षातून शिकून सावरत होता, हे डोळ्यांना दिसत होते. फ्रॉस्ट यांचा संघ पाचव्या वर्षीही पहिल्या वर्षाच्याच चुका करत होता, आणि अठरा-वीस वर्षांच्या मुलांना त्या चुकांसाठी दर शनिवारी पंच्याऐंशी हजार माणसांसमोर मान खाली घालून उभे राहावे लागत होते. त्या मुलांचा राग राग करणारे चाहते मला कधीच आवडले नाहीत. प्रशिक्षकाला त्याच्या कामाचे कोट्यवधी डॉलर मिळतात, टीका त्याने सोसावी. त्याच्या बायकामुलांना त्यात ओढणाऱ्यांना मात्र माझ्या घरात जागा नाही.

एप्रिल २०२३ मध्ये सोलिच यांना वसंतातील सराव सामन्यासाठी मानाने परत बोलावण्यात आले. वीस वर्षांनी ते त्या मैदानावर उभे राहिले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि मला फार भरून आले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला याच स्टेडियमवर मुलींच्या व्हॉलीबॉल संघाचा सामना ठेवला गेला आणि ९२,००३ लोक आले. महिलांच्या कोणत्याही सामन्याला इतकी उपस्थिती त्याआधी अधिकृतपणे नोंदवली गेली नव्हती. हे लोक केवळ तक्रार करणारे आहेत, असे आपल्या मुलाला वाटत असेल तर त्याला हा आकडा अवश्य सांगा.

आताचे प्रशिक्षक मॅट रूल यांचा पहिला हंगाम ५-७ असा गेला. २०२४ मध्ये संघाने सहापैकी पाच सामने जिंकले आणि मग सलग चार हरले. हंगामाअखेरच्या मानाच्या बोल सामन्यासाठी सहा विजय लागतात. २०१६ नंतर तो सामना आमच्या वाट्याला आला नव्हता, आणि सहावा विजय हुलकावणी देत राहिला तशी जुनी भीती पुन्हा अंगावर आली. २३ नोव्हेंबरला विस्कॉन्सिनशी गाठ होती, ज्यांच्याशी आम्ही सलग दहा सामने हरलेलो होतो. ४४-२५ असा विजय झाला. सामना संपल्यावरही शेजारचे गृहस्थ जागेवरून उठले नाहीत. रिकाम्या होत जाणाऱ्या त्या लाल मैदानाकडे ते बराच वेळ पाहत राहिले, आणि मीही त्यांना घाई केली नाही.

आपल्या मुलासाठी एक सुचवतो. संघ हरला तर सोमवारी सामन्याबद्दल काही विचारू नये. त्या सहकाऱ्याला तो पहिल्यांदा कुणाचे बोट धरून स्टेडियमवर गेला होता, एवढेच विचारावे. मला या गावात बहुतेक स्नेही याच प्रश्नाने मिळाले.