‘ढ’ अक्षराची गोष्ट

चिऊ लेकरा,

काल फोनवर तू विचारलंस, "बाबा, पिंट्याला वर्गात सगळे ढ म्हणायलेत. नावं ठेवायला अक्षर कशाला लागतं?" इथं मस्कतला तेव्हा कामावर निघायची वेळ झाली होती. आज सुट्टी आहे, म्हणून लिहायलोय.

ज्याला शिकवलेलं लवकर उमजत नाही, त्याला आपल्याकडं ढ म्हणतात. त्याचं कारण असं सांगतात, की दोन हजार वर्षांत बाकीची अक्षरं पार बदलली, ढ मात्र होता तसाच राहिला. तसंच ज्याच्यात कितीही शिकवून फरक पडत नाही, तो ढ.

यातला अक्षराचा भाग बराचसा खरा आहे. सम्राट अशोकाच्या काळी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, ब्राह्मी लिपी होती. तिच्यात क म्हणजे बेरजेची खूण, ग म्हणजे घराचं छप्पर आणि थ म्हणजे मधोमध टिंब असलेला गोल. आजीला काढून दाखव, एकही ओळखू येणार नाही. ढ मात्र ती लगेच ओळखेल, फक्त डोक्यावर रेघ नसेल. पुढं लोक ही लिपी वाचायचीच विसरले. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रज अभ्यासकानं ती पुन्हा उलगडली.

पण ट आणि ठसुद्धा फारसे बदललेले नाहीत गं. त्यांना कुणी काही म्हणत नाही. ढवर हा अन्यायच आहे.

तिसरीत मला पाढे पाठ होत नव्हते. गुरुजी सगळ्यांसमोर ढ म्हणाले. त्यानंतर उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नसे. तुझी आजी रात्री भाकरी थापता थापता पाढे म्हणून घ्यायची. अडखळलो की म्हणायची, "उगं घाई करू नको, पुन्हा पहिल्यापासून म्हण." दिवाळीपर्यंत मला वीसपर्यंत पाढे आले. तू पिंट्याला ढ म्हणू नकोस.

यंदा दिवाळीला आलो की परभणीहून कन्नडकडं, पितळखोऱ्याच्या लेण्यांत जाऊ. पैठणच्या अत्तरवाल्या घराण्यातल्या मित्रदेवानं खांब दान दिल्याचं तिथं ब्राह्मीत कोरलंय. खांबाला त्यात 'थभो' म्हटलंय. पिंट्यालाही सोबत घेऊ. टिंबाचा गोल आधी कुणाला सापडतो, बघू.

तुझा बाबा