सायनसचं ऑपरेशन जर्मनीत की जळगावला?

प्रश्न: मी भुसावळची, सध्या जर्मनीत. नाक कायम चोंदलेलं, वास येत नाही, सीटी स्कॅनमध्ये पॉलिप (नाकाच्या आतल्या अस्तराचे मऊ फुगवटे) निघालेत, डॉक्टर दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवतात. आई म्हणते मे महिन्यात जळगावला करू. काय करू?

उत्तर: ताई, स्टेरॉइडचा स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणं (पाणी उकळून गार केलेलंच) दोन-तीन महिने नेमाने केलंय का? नसेल तर आधी ते. करूनही फरक नसेल तर ऑपरेशन करा पण राहता तिथंच, कारण खरी कटकट नंतरची, आतल्या खपल्या काढायला परतपरत जावं लागतं, दोनेक आठवडे विमान नको, अन् पॉलिप पुन्हा येऊ शकतात म्हणून स्प्रे चालूच. शिवाय मे मधलं आपलं ऊन, धडधाकट माणसाचा घोळणा फुटतो! आईलाच तिकडे बोलवा, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ घेऊन.