सर्टिफिकेटखाली कुणाचं नाव आहे ते आधी बघा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. मुलगा दहावीत, पुस्तकात मन रमत नाही, पण बंद पडलेला मिक्सर उघडून चालू करतो. नातेवाईक म्हणतात सायन्सला घाला. घराजवळची एक खाजगी संस्था म्हणते, एका वर्षात इलेक्ट्रिशियन करतो आणि नोकरीची हमी देतो. तिथे पैसे भरू का, असं तुम्ही विचारलंय. २००९ साली माझे वडील नेमक्या याच प्रश्नापाशी उभे होते, इथेच, नाशिकच्या सिडकोत.

आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तिथे काय असतं, अर्ज कसा भरायचा, हे शाळेत सांगतील. मी फक्त आमचं कुठे चुकलं ते सांगतो.

वडील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर होते. संस्थेची फी २२ हजार, ती त्यांनी पतसंस्थेतून काढली. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'शासनमान्य' लिहिलेलं. तरी खात्री करावी म्हणून ते अर्धा दिवस खाडा करून एका सरकारी कार्यालयात गेले. टेबलावरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "पाटीवर लिहिलंय ना? मग असेलच." एवढंच. एक रजिस्टर उघडून बघितलं असतं तर आमचं वर्ष वाचलं असतं. आज इतक्या वर्षांनीही त्या वाक्याचा मला राग येतो. साधा माणूस खाडा करून विचारायला येतो तेव्हा त्याचं किती पणाला लागलेलं असतं, हे त्या खुर्चीत बसणाऱ्याला कळायला हवं.

वर्षभर आम्ही तीस मुलं प्लायवूडच्या एका फळीवर स्विच आणि होल्डर जोडत होतो. मल्टिमीटर एकच. शेवटी सोनेरी कडेचं सर्टिफिकेट मिळालं. ते घेऊन सातपूरच्या एका कंपनीत अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ कामगार, म्हणून लागायला गेलो. टाइम ऑफिसमधल्या माणसाने ते उलटंसुलटं केलं आणि विचारलं, "एनसीव्हीटी कुठंय?" मला तो शब्दही माहीत नव्हता. तो चांगला माणूस होता, त्याने समजावून सांगितलं: एनसीव्हीटी ही आयटीआयच्या सर्टिफिकेटला मान्यता देणारी केंद्राची परिषद, आणि इलेक्ट्रिशियन हा आयटीआयचा ट्रेड, म्हणजे कोर्स, दोन वर्षांचा असतो, एका वर्षाचा कागद इथे चालणार नाही. वडील गेटबाहेर सायकल धरून उभे होते. त्यांना काय सांगायचं, हे ठरवत मी बराच वेळ आतच थांबलो.

म्हणून माझं ठाम मत आहे, ताई: जिथे प्रवेश देतात तिथे विचारू नका, जिथे पोराला पुढे जायचंय तिथे विचारा. सातपूर, अंबड, सिन्नर, कुठल्याही मोठ्या कंपनीच्या गेटवर जाऊन विचारा, "तुम्ही अप्रेंटिस कुठल्या सर्टिफिकेटवर घेता?" ओझरच्या एचएएलमध्येही, म्हणजे सरकारी विमान कारखान्यातही, आयटीआय झालेली मुलं अप्रेंटिस म्हणून घेतात, त्यांची जाहिरात वाचा. मग संस्थेत जाऊन म्हणा, मागच्या बॅचच्या मुलाचं सर्टिफिकेट दाखवा. दाखवायला टाळाटाळ केली तर उठून या. संस्था आणि ट्रेड दोन्ही केंद्राच्या डीजीटीच्या (प्रशिक्षण महासंचालनालयाच्या) यादीत आहेत का, तेही बघा. संस्था यादीत असते आणि नेमका आपला ट्रेड नसतो, असंही होऊ शकतं. सगळ्या खाजगी आयटीआय वाईट असतात असं मी म्हणत नाही. मान्यता असलेल्या आहेत आणि तिथून चांगली मुलंही निघतात.

पुढच्या वर्षी मी त्र्यंबक रोडच्या शासकीय आयटीआयला फिटर घेतला. सुरुवातीचे दिवस नुसतं फाइलिंग, म्हणजे कानशीने घासणं. व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी आवळायची, घासायची, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडे धरायची. खालून उजेडाची रेघ दिसली की परत घासायची. हाताला फोड आले. पण ज्या दिवशी रेघ दिसली नाही, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीतरी येतंय. आज मी मेंटेनन्सला आहे.

बाकीचे पर्याय थोडक्यात. बारावी व्होकेशनल, म्हणजे जुनं एमसीव्हीसी, घेतलं तर फिजिक्स आणि मॅथ्स हे वेगळे विषय राहत नाहीत, त्यामुळे सीईटीने इंजिनिअरिंगचा रस्ता बंद होतो. मात्र त्यातल्या टेक्निकल गटातून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दोन वर्षांचा आयटीआय झाल्यावरही तो रस्ता आहे, म्हणून 'आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं' म्हणणाऱ्या नातेवाइकांचं मनावर घेऊ नका. सायन्सलाच घालायचं असेल तर बायफोकलचा विचार करा. इलेक्ट्रॉनिक्ससारखा २०० गुणांचा विषय मिळतो, पण सहसा बायोलॉजी सुटते, हे आधी मुलाशी बोला. धाकटं कुणी आठवीत असेल तर शाळेत नववीपासून व्यवसाय विषय आहे का ते विचारून ठेवा. हाताची आवड लवकर कळते.

आणखी एक, प्रवेशाच्या कागदांबद्दल. आधार, शाळेचा दाखला आणि दहावीचा बोर्डाचा फॉर्म, तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आजच बघा. माझ्या वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त होतं, ते दुरुस्त करायला चार महिने गेले. आणि आयटीआयचा विकल्प अर्ज, म्हणजे पसंतीक्रमाचा फॉर्म, भरताना पहिल्या क्रमांकावर तोच ट्रेड टाका जो खरोखर हवाय. पहिली पसंती मिळाली आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं.

मी समुपदेशक नाही, कारखान्यातला माणूस आहे. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, माझ्या भरवशावर राहू नका. पण त्या संस्थेत टोकनचे पैसे या आठवड्यात तरी भरू नका. एखाद्या सकाळी मुलाला घेऊन आयटीआयला जा, परवानगी मागून त्याला वर्कशॉप बघू द्या. तो कुठल्या मशीनपाशी थांबतो ते इथे लिहा, म्हणजे ट्रेडचा क्रम लावायला मी मदत करेन.